दिओरची वंशावळ आणि तिच्यातून गळालेली माणसे

१/ दिओर या फ्रेंच फॅशनगृहाचा इतिहास समाजमाध्यमांवर ज्या रीतीने सांगितला जातो, ती रीत जुन्या शालेय इतिहासपुस्तकांची आहे. मूळ पुरुष ख्रिस्तियाँ दिओर. मग इव्ह सँ लोराँ, मार्क बोहाँ, जियानफ्रांको फेरे, जॉन गॅलियानो, राफ सिमन्स, मारिया ग्राझिया क्युरी आणि २०२५ पासून जोनाथन अँडरसन. आठ नावे, आठ राजवटी. अमुक गादीवर बसला, त्याने घेर वाढवला. तमुक आला, त्याने तो उतरवला. ही वंशावळ खोटी नाही. ती इतिहास म्हणून खपवली जाते, हा आक्षेप आहे. (धागा दीर्घ आहे.)

२/ प्रथम एक शंका बाजूला सारू. ‘कपडे शिवणाऱ्या दुकानाचा कसला इतिहास?’ असे विचारणारे इतिहासप्रेमी पुष्कळ आहेत. याच दुकानाच्या उंबऱ्यावरून नाझी छळछावणी, युद्धोत्तर टंचाई, अल्जेरियाचे युद्ध, फ्रेंच कापडउद्योगाचे दिवाळे आणि मुंबईतल्या खोल्यांमधला आरीकामाचा अड्डा, असे सगळे गेले आहे. ज्यांना तहाची कलमे पाठ आहेत, त्यांनी एका स्कर्टच्या अस्तरातही डोकावून पाहायला हरकत नाही.

३/ मूळ आख्यायिका अशी : १२ फेब्रुवारी १९४७, पॅरिस, ३० अव्हेन्यू मोंतेन. बेचाळीस वर्षांचा एक लाजाळू माणूस आपला पहिला संग्रह सादर करतो. नाजूक उतरते खांदे, आवळलेली कंबर, फुलाच्या पाकळ्यांसारखा पसरलेला, पोटऱ्यांपर्यंत उतरलेला घेर. ‘हार्पर्स बझार’ मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटले आणि ते नाव जगभर झाले. एका माणसाने युद्धाने करपलेल्या स्त्रियांना पुन्हा सौंदर्य दिले, असा या कथेचा शेवट असतो.

४/ आता त्या दिवशीचा सर्वांत प्रसिद्ध पोशाख, ‘बार’ सूट, घेऊ. पांढुरके जाकीट, काळा चुण्यांचा स्कर्ट. त्या जाकिटाची कंबर कागदावरच्या रेषेने आवळली जात नाही. नितंबांवर भर घालावी लागते, आतून अस्तर आणि पट्ट्यांनी आकार धरून ठेवावा लागतो, चुण्यांचे वजन कमरेवर तोलावे लागते. आधी साध्या सुती कापडात कच्चा नमुना, ज्याला फ्रेंचमध्ये ‘त्वाल’ म्हणतात; मग उसवणे, पुन्हा टाचणे, पुन्हा उसवणे; आणि नंतर कुठे मूळ कापडाला कात्री. शिवणघराचे दोन विभाग असतात : झुळझुळीत वस्त्रांचा ‘फ्लू’ आणि कोट-जाकिटांचा ‘तायर’. या दुसऱ्या विभागात तेव्हा एक तरुण शिंपी काम करीत होता. पिएर कार्दँ त्याचे नाव. तो पुढे स्वतःच्या नावाने जगप्रसिद्ध झाला, म्हणून त्याचे नाव उरले. शेजारच्या टेबलांवरच्या बाकीच्यांचे काय?

५/ त्या बाकीच्यांना फ्रेंच भाषेत एक लाडिक शब्द आहे : ‘पतित माँ’, म्हणजे ‘छोटे हात’. शब्द गोड आहे आणि सोयीचाही. हातांना चेहरा नसतो, आडनाव नसते, स्वामित्वहक्कही नसतो.

६/ यात एक विरोधाभास असा की स्वतः दिओर या बाबतीत अधिक प्रामाणिक होते. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी आपल्या सहकारी स्त्रियांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. रेमोंद झेनाकेर या संपूर्ण स्टुडिओ सांभाळीत. मार्गरीत कारे या तांत्रिक बाजूच्या प्रमुख. दिओर यांची छोटी रेखाटने शिवणघरात वाटून देणे आणि त्यांतून उभे राहिलेले नमुने पारखणे, हे त्यांचे काम. मित्झा ब्रिकार यांची अभिरुची टोप्यांपासून एकूण रूपापर्यंत सगळीकडे वावरत असे. रेखाटनात कापडाची जात, ताण, तिरपा-उभा धागा यांपैकी काहीही नसते. ते निर्णय कारे आणि त्यांच्या शिवणघराने घेतले. याला ‘अंमलबजावणी’ म्हणणे म्हणजे किल्ल्याच्या स्थपतीला गवंडी म्हणणे. आणि खरे तर गवंड्यावरही अन्याय करणे.

७/ मारिया ग्राझिया क्युरी २०१६ मध्ये आल्या, तेव्हा ‘दिओरमधील पहिली स्त्री’ असा गजर झाला. पदापुरते ते खरे आहे. कलाप्रमुखपदी त्यांच्याआधी एकही स्त्री नव्हती. परंतु सत्तर वर्षे स्त्रियांच्या हातांवर आणि डोक्यांवर चाललेल्या घरात ‘पहिली स्त्री’ २०१६ साली सापडते, ही अभिमानाची बातमी मानावी की कबुलीजबाब? क्युरी यांच्या पहिल्याच संग्रहात नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या स्त्रीवादावरील निबंधाचे शीर्षक छापलेला टी-शर्ट होता. किंमत सातशे डॉलरच्या वर.

८/ पैसा कोणाचा, हा प्रश्न आख्यायिकेत फारसा येत नाही. पैसा मार्सेल बूसाक यांचा. ‘सुती कापडाचा राजा’ म्हणून ओळखले जाणारे गिरणीमालक, वृत्तपत्राचे आणि शर्यतीच्या घोड्यांचेही मालक. त्यांना ‘फिलिप ए गास्तों’ ही जुनी पेढी पुन्हा उभी करायची होती. दिओर यांनी ती नाकारून स्वतःच्या नावाचे घर मागितले आणि बूसाक यांनी ते दिले. ‘लांब स्कर्ट म्हणजे गिरणीमालकाचे कापड खपवण्याची युक्ती’ असा एक टवाळ युक्तिवाद यावरून करतात. तो जरा जास्तच सोपा आहे. बूसाक यांची गिरणी स्वस्त सुती मालाची. दिओर यांचे पोशाख बव्हंशी रेशमाचे आणि लोकरीचे. मात्र युद्धाने मोडलेल्या फ्रेंच कापडउद्योगाला आणि परकीय चलनाच्या शोधात असलेल्या सरकारला घेरदार स्कर्ट सोयीचा होता, हे निर्विवाद. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर फ्रान्सच्या उच्चभ्रू वस्त्रनिर्यातीचा निम्म्याच्या आसपासचा भाग या एका घराचा होता.

९/ आणि स्त्रियांनी हे सौंदर्य कृतज्ञतेने स्वीकारले का? १९४७ मध्ये पॅरिसच्या रू लेपिक या बाजारपेठेच्या रस्त्यावर दिओरचे कपडे घातलेल्या मॉडेलना छायाचित्रांसाठी नेण्यात आले. भाजीपाल्याच्या रांगेतल्या बायकांनी त्यांच्या अंगावरचे कपडे ओढून फाडले. ब्रेड अजून रेशनवर होता. ब्रिटनमध्ये स्टॅफर्ड क्रिप्स (होय, १९४२ च्या ‘क्रिप्स मिशन’चे तेच क्रिप्स) व्यापार मंडळाचे प्रमुख होते आणि कापडाच्या टंचाईत असा घेर म्हणजे उधळपट्टी, असे त्यांचे मत होते. अमेरिकेत गुडघ्याखाली थोडेच उतरणारे स्कर्ट टिकवण्यासाठी स्त्रियांचे क्लब निघाले. दिओर शिकागोला पोहोचले, तेव्हा फलक घेऊन निषेध करणाऱ्या स्त्रिया समोर होत्या.

१०/ हा विरोध केवळ कंजूषपणाचा नव्हता. युद्धकाळात कारखान्यांत, कचेऱ्यांत, सायकलींवर वावरलेल्या स्त्रियांना पुन्हा आवळपट्टीच्या कंबरेत कोंडले जात होते. न्यू लुक सुंदर नव्हता असे कोणी म्हणत नाही. तो सर्वांना हवा होता, हे मात्र नंतर रचलेले आहे.

११/ आता सर्वांत नाजूक प्रकरण. युद्धकाळात ख्रिस्तियाँ दिओर हे ल्युसियाँ लेलाँ यांच्या वस्त्रगृहात काम करीत. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. अशा गृहांच्या ग्राहकांत नाझी अधिकाऱ्यांच्या बायका आणि त्यांच्याशी हातमिळवणी केलेली फ्रेंच कुटुंबे होती. दुसरीकडे, संपूर्ण वस्त्रव्यवसाय बर्लिनला हलवण्याचा जर्मन बेत याच लेलाँ यांनी वाटाघाटींनी हाणून पाडला आणि हजारो कामगारांची रोजी वाचवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१२/ त्याच काळात दिओर यांची धाकटी बहीण कॅथरीन फ्रेंच प्रतिकार चळवळीच्या ‘एफ-२’ या गुप्तवार्ता जाळ्यात होती. भावाच्या पॅरिसमधल्या घरात तिच्या सहकाऱ्यांच्या भेटी होत. जुलै १९४४ मध्ये ती पकडली गेली, तिचा छळ झाला, ऑगस्टमध्ये तिला राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवण्यात आले. तिने एकही नाव सांगितले नाही. मे १९४५ मध्ये ती परतली. पुढे फुलांचा व्यापार करून जगली. १९५२ मध्ये आपल्या छळकर्त्यांविरुद्धच्या खटल्यात साक्ष द्यायला उभी राहिली. २००८ मध्ये वारली.

१३/ १९४७ साली आलेल्या ‘मिस दिओर’ अत्तराचे नाव तिच्यावरूनच, असे सांगतात. अनेक दशके या स्त्रीचा घराण्याच्या मुख्य कथेत उल्लेख जवळजवळ नव्हता. आता आहे : तिच्या नावाने पिशवी निघते, तिच्या बागेवरून संग्रह सुचतो. विस्मरणापेक्षा हे बरे की वाईट, हे ठरवणे सोपे नाही. राव्हेन्सब्रुकमधून जिवंत परतलेल्या बाईचे स्मरण फुलांच्या नक्षीत गुंडाळून विकले जाते, आणि ग्राहकाला तेवढेच हवे असते.

१४/ २४ ऑक्टोबर १९५७. इटलीतील मोंतेकातिनी येथे दिओर वारले, वय ५२. एकवीस वर्षांचे सँ लोराँ गादीवर आले. जानेवारी १९५८ चा त्यांचा ‘ट्रॅपीझ’ संग्रह गाजला. १९६० मध्ये त्यांनी पॅरिसच्या डाव्या किनाऱ्यावरच्या बंडखोर तरुणांचे काळे चामडी जाकीट या श्रीमंत दिवाणखान्यात आणले. जुने ग्राहक बिथरले. त्याच वर्षी त्यांना सैन्यात बोलावणे आले. अल्जेरियातील ओरान हे त्यांचे जन्मगाव, आणि फ्रान्स त्याच अल्जेरियात युद्ध लढत होता. छावणीत त्यांचे मन कोसळले, ते लष्करी रुग्णालयात पोहोचले आणि तेथे असतानाच त्यांची जागा गेली. ज्या प्रतिभेच्या नावाने घर चालते, तिला घर किती दिवस सांभाळते, याचा हा पहिला दाखला. सँ लोराँ यांनी करारभंगाचा दावा केला, तो जिंकला आणि स्वतःचे घर काढले.

१५/ त्यांच्या जागी आले मार्क बोहाँ. १९६० ते १९८९. दिओर यांनी स्वतःच्या घरात दहा वर्षे काम केले, सँ लोराँ यांनी जेमतेम तीन, बोहाँ यांनी जवळपास एकोणतीस. कोणत्याही धाग्यात, चित्रफितीत, ‘दिओर इन फाइव्ह मिनिट्स’ छापाच्या सादरीकरणात त्यांना किती जागा मिळते ते पाहावे. एखादे वाक्य, तेही बहुधा ‘दरम्यानच्या काळात’ असे सुरू होणारे.

१६/ बोहाँ यांच्या काळात काय झाले? १९६१ चा सडपातळ ‘स्लिम लुक’ तुफान खपला. १९६७ मध्ये ‘मिस दिओर’ नावाने तयार कपड्यांची शाखा निघाली आणि लहान मुलांच्या कपड्यांचीही. अत्तरे, पायमोजे, टाय, चष्मे यांच्या परवान्यांचा पसारा दिओर हयात असतानाच व्यवस्थापक झाक रुए यांनी आरंभला होता. तो या काळात जगभर फोफावला. १९६२ साली बोहाँ आपला संग्रह घेऊन मुंबई आणि दिल्लीलाही येऊन गेले. प्रत्यक्ष नेसता-वावरता येतील असे कपडे करणारा, सहा महिन्यांनी पुन्हा कामावर येणारा, कोणताही घोटाळा न करणारा माणूस. २०२३ मध्ये ९७ व्या वर्षी ते गेले.

१७/ अशा माणसाची कथा होत नाही. वंशावळीच्या इतिहासाला संस्थापक हवा, शापित राजपुत्र हवा, वेडा प्रतिभावंत हवा. एकोणतीस वर्षांचा शांत कारभार तिथे पोकळी ठरतो. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटावे. लढाया आणि राज्याभिषेक यांच्यामधली महसुलाची वर्षे आपणही असेच उलटून जातो.

१८/ दरम्यान बूसाक यांचे कापडसाम्राज्य खचले. १९७८ मध्ये ते दिवाळखोरीत गेले, विलो बंधूंच्या हाती आले, १९८१ मध्ये तेही बुडाले. १९८४ मध्ये बेर्नार आर्नो या तरुण उद्योजकाने ते ताब्यात घेतले. काही वर्षांत कापडाचा बहुतेक व्यवसाय विकून टाकला गेला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि दिओर व ‘बाँ मार्शे’ हे भव्य दुकान तेवढे राखले गेले. आजच्या एलव्हीएमएच साम्राज्याची पायाभरणी येथे आहे. दिओरच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण १९४७ चे मानावे की १९८४ चे? कापड विणणाऱ्यांचे घर त्या वर्षांत नावापुरते उरले. त्या गिरणीकामगारांपैकी कोणाचा पुतळा अव्हेन्यू मोंतेनवर नाही.

१९/ १९८९ मध्ये बोहाँ गेले, इटालियन फेरे आले. वास्तुशास्त्र शिकलेले, भारदस्त. त्यांच्यावर येथे थांबण्यासारखे फार नाही. मग १९९७ पासून गॅलियानो. नाट्य, वेशांतर, आतषबाजी. जानेवारी २००० मध्ये त्यांनी पॅरिसच्या बेघरांच्या चिंध्यांवरून प्रेरणा घेतलेला संग्रह दाखवला. बेघरांच्या बाजूने निदर्शने झाली. फॅशनच्या पत्रकारितेत बराच काळ उत्तर एकच होते : प्रतिभा अशीच असते.

२०/ फेब्रुवारी २०११ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेतील ज्यूद्वेष्ट्या उद्गारांवरून गॅलियानो यांना निलंबित करण्यात आले, १ मार्चला त्यांना काढण्याचा निर्णय जाहीर झाला, सप्टेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पण या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा दिवस मधला आहे : ४ मार्च २०११. संग्रहाचे सादरीकरण ठरलेले होते, ते रद्द झाले नाही. अध्यक्ष सिडनी तोलेदानो यांनी प्रारंभी निवेदन केले. आणि शेवटी, जिथे एरवी कलाप्रमुख अभिवादन करायला येतो, तिथे पांढरे कोट घातलेले शिवणघरातले कारागीर रंगमंचावर येऊन उभे राहिले. सभागृह टाळ्यांनी भरले.

२१/ त्या टाळ्यांकडे नीट पाहावे. चौसष्ट वर्षे जे पडद्यामागे होते, ते राजा पडल्यावर आठवड्याभरात पुढे आणता आले. याचा अर्थ ते तिथे होते हे घराला नेहमीच ठाऊक होते. संग्रह राजाविना पूर्ण झाला, ठरल्या दिवशी दाखवला गेला. आणि नवा राजा मिळताच पांढरे कोट पुन्हा आत गेले. राफ सिमन्स यांच्या पहिल्या, आठ आठवड्यांत उभ्या केलेल्या संग्रहावर २०१४ मध्ये ‘दिओर अँड आय’ हा माहितीपट आला. त्यात या शिवणघराचे चेहरे दिसतात, हे त्याचे मोल. पण त्याच्या नावातही एका बाजूला दिओर आहेत आणि दुसऱ्या बाजूला ‘मी’.

२२/ कोणी म्हणेल, जगातल्या कोणत्याही वास्तूवर, चित्रपटावर एकाचेच नाव पडते. येथेच तक्रार का? चित्रपटाच्या शेवटी प्रकाशयोजनेच्या मदतनिसापर्यंत नावे सरकतात. ग्रंथावर मुद्रकाचे नाव असते. लाखो रुपयांच्या पोशाखावर फक्त एकाच माणसाचे आडनाव असते, आणि तो माणूस १९५७ मध्ये वारलेला आहे.

२३/ नावे न छापण्याचा संबंध निव्वळ मानापमानाशी नाही, पैशाशी आहे. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओरच्या इटलीतील एका उत्पादन कंपनीवर न्यायालयीन देखरेख बसवली. कारण : उपकंत्राटदारांच्या कारखान्यांतील कामगारांच्या पिळवणुकीकडे पुरेसे लक्ष न दिल्याचा ठपका. सुमारे २६०० युरोला विकल्या जाणाऱ्या एका पिशवीच्या बांधणीसाठी, कच्चा माल वगळून, पुरवठादाराला ५३ युरो मिळत, असे कागदपत्रांत पुढे आले. कंपनीने अशा प्रथांचा निषेध केला, सुधारणा केल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देखरेख मुदतीआधीच उठली. ५३ आणि २६०० यांच्यामधली जागा जाहिराती, भाडी आणि नफा यांच्यासोबत एका कथेनेही भरलेली आहे. ती कथा म्हणजे हीच आठ नावांची वंशावळ.

२४/ ती कथा आज कंपनी स्वतःच सांभाळते. २०२२ मध्ये ३० अव्हेन्यू मोंतेन येथे ‘गॅलरी दिओर’ उघडली. अभिलेखागार कंपनीचे, दालन कंपनीचे, तिकीटही कंपनीचे. त्यात गैर काही नाही; संस्थानिकांनीही आपल्या बखरी लिहवून घेतल्या. पण बखर वाचताना ती कोणी लिहवली हे पाहायचे, एवढी साधी शिस्त इतिहासाच्या विद्यार्थ्याला लावलेली असते. ती शिस्त चकचकीत दालनापाशी चपलांसारखी बाहेर काढून ठेवायची नसते.

२५/ आणि आता मुंबई. ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर दिओरचा संग्रह सादर झाला. भव्य तोरण, फुले, दिवे. क्युरी यांचे मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकाम-संस्थेशी आणि करिश्मा स्वाली यांच्याशी अनेक वर्षांचे काम होते आणि त्यांनी ते नाव उघडपणे घेतले, स्त्रियांना भरतकाम शिकवणाऱ्या चाणक्यच्या शाळेचाही गौरव केला. पूर्वीच्या मौनाच्या मानाने हे मोठे पाऊल होते, ते मान्य करावेच लागेल. कारण पॅरिसच्या कित्येक घरांचे मणिकाम आणि जरदोजी दशकानुदशके मुंबईत होत आले आहे, लाकडी अड्ड्यावर ताणलेल्या कापडाभोवती मांडी घालून बसलेल्या कारागिरांच्या हातून; आणि ते लपवले जात असे.

२६/ तरी श्रेय पोहोचले ते संस्थेपर्यंत. अड्ड्यापर्यंत नाही.

२७/ जून २०२५. जोनाथन अँडरसन यांच्या पहिल्या संग्रहातल्या एका कोटावर लखनौची मुकैश, म्हणजे धातूच्या चपट्या तारेची टिकली-कारागिरी, जाणकारांनी ओळखली. उगमाचा उल्लेख केला नाही म्हणून टीका झाली, आणि ती थोडक्यात विरली. त्याच महिन्यात प्रादा या इटालियन घराने कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानमध्ये दाखवली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. पत्रे गेली, प्रादाला भारतीय उगम मान्य करावा लागला. तो राग योग्यच होता. पण ‘कोल्हापुरी आमची’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चप्पल बांधणाऱ्याला जोडीमागे काय मिळते, हे विचारले? आणि मुंबईतच आरी चालवणारे कारागीर बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले, पुष्कळसे मुस्लिम. म्हणून त्यांच्या श्रेयासाठी इथे कोणाचे रक्त उसळले नाही, हे कारण तर नव्हे? पॅरिसने ‘छोटे हात’ म्हणून जे केले, ते दादरपासून काही स्थानकांवर आपणही करतो. फक्त त्यासाठी आपल्याकडे लाडिक शब्दसुद्धा नाही.